आडनावांचं काम

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या एका रस्त्यावर मला माझी बहीण सापडली. मी तेव्हा नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्याच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो आणि माझा चहा नुकताच निवला होता. ओळ क्रमांक चार हजार एकशे सतरा. कुटुंबप्रमुख: गेन्स, मार्कस. दुसरी प्रौढ व्यक्ती: गेन्स, जान्हवी आष्टीकर. वय एक्केचाळीस. अठराच्या आतले: दोन. पुढे घराचा नंबर, रस्त्याचं नाव, फोनचे दहा आकडे आणि शेवटी तो रिकामा चौकोन, ज्यात मला एक अक्षर टाकायचं होतं. नुसती जान्हवी असती तर मी म्हटलं असतं, असतील दहा. पण आष्टीकर? आमच्या पणजोबांनी परतूर तालुक्यातलं आष्टी सोडलं त्याला शंभर वर्षं होत आली, आमच्यापैकी कुणी तिथे एक रात्र मुक्काम केलेला नाही, आणि तरी ते गाव आमच्या मागे लागून थेट कोलंबसपर्यंत गेलं होतं. मी माऊस सोडला. पंख्याचा वारा मानेवर येत होता तो एकदम गार वाटायला लागला. शेजारच्या खुर्चीवरून अर्पिताने विचारलं, "सर, अडकलात का?" मी म्हटलं, "न्हाई, डोळा चुरचुरतोय," आणि डोळा चोळलासुद्धा. खोटं बोलताना माझा हात लगेच मदतीला येतो, ही माझी जुनी सवय आहे.

आमचं काम कुणाला सांगायला गेलं की लोकांना गंमत वाटते. अमेरिकेतली एक कंपनी आहे. तिकडच्या शहरांत कुठल्या वस्तीत दहा वर्षांपूर्वी कोण राहत होतं आणि आता कोण राहतं, याचे ती नकाशे करते. ते नकाशे विमावाले घेतात, घरकर्जवाले घेतात, मोठी दुकानं घेतात. नकाशाला नावं लागतात, आणि नाव वाचून माणूस कुणातला हे ओळखायला माणसं लागतात, ती जालन्यात स्वस्त मिळतात. सोपी नावं संगणक स्वतःच लावून टाकतो. त्याला जी कळत नाहीत ती आमच्याकडे येतात. गोरा, काळा, हिस्पॅनिक, आशियाई, इतर. पाच अक्षरं, त्यातलं एक टाकायचं आणि खालच्या ओळीवर जायचं. राधेश्याम, म्हणजे आमचा मालक, त्याने मुलाखतीत मला एकही अमेरिकन नाव विचारलं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातल्या पन्नास आडनावांचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "यांच्यापुढं जात लिहा." मी सात मिनिटांत लिहिल्या, अठ्ठेचाळीस बरोबर आल्या. "बिलकुल बराबर," तो म्हणाला. "हे पुण्याच्या पोरायला जमत न्हाई बघा, भाऊ. आपल्याकडं लेकरू बोलायला लागलं की आडनाव वळखतं." बियाण्याच्या कंपनीतली माझी बावीस वर्षांची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती आणि कुणी मला हुशार म्हणून बरेच दिवस झाले होते. मला अभिमान वाटला. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी अभिमानच वाटला, आणि घरी जाताना मी पाव किलो बालूशाही नेली.

आमच्याकडे जात कुणी विचारत नाही, तो अडाणीपणा समजतात. आधी विचारायचं, आडनाव काय म्हणालात? त्यावरून नाही कळलं तर, गाव कोणतं? तरीही नाही कळलं तर, म्हणजे मूळचे कुठले? तिसऱ्या प्रश्नाला माणूस सापडतोच. बाबा, शरदचंद्र आष्टीकर, बँकेतून निवृत्त, हे या प्रश्नांमधले उस्ताद होते. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू, समोरच्याला वाटावं किती आस्थेने चौकशी करतात. एकदा आमची वरची खोली बघायला कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक आल्ता. बाबांनी त्याला बसवलं, आईने चहा टाकला, मी कप नेऊन दिला. तिसऱ्या प्रश्नानंतर बाबा म्हणाले, "खोली तशी रिकामी आहे हो, पण आता मुलाला लागणार आहे." मुलगा म्हणजे मी, आणि मला खोली नको होती. त्या माणसाने सगळा चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला, आभार मानले आणि गेला. तो चिडला असता तर बरं झालं असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं, आणि तरी त्या खोलीत नंतर आम्ही जुन्या गाद्या ठेवल्या.

कामाची पहिल्या वर्षी मला गोडी लागली होती. आपल्याच जिल्ह्यातल्या जाफराबादला मी आयुष्यात दोनदा गेलोय, दोन्ही वेळा लग्नाला. पण कोलंबसच्या उत्तरेकडची गल्लीन्गल्ली मला पाठ झाली. एकाच रस्त्याच्या जुन्या-नव्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की माणसं सरकताना दिसायची. आधी सगळे गोरे, श्नायडर आणि कोवाल्स्की. मग एका घरात वॉशिंग्टन येतो, म्हणजे काळं कुटुंब, आणि दहा वर्षांत श्नायडर एकही उरत नाही. मग वॉशिंग्टनही पातळ होतात, हसन आणि वरसमे येतात, ते सोमालियाचे. त्यांच्या पलीकडे गुरुंग आणि अधिकारी, भूतानातून हाकललेले नेपाळी. मी अर्पिताला सांगायचो, "हे बघ, ही आपल्या जालन्यातल्या काद्राबादसारखी गल्ली आहे, इथं सगळे येऊन गेले." ती नवीन होती, तिला खरंच नवल वाटायचं. पण हळूहळू मला त्या याद्या वाचवेनाशा झाल्या. जुन्या यादीतून नव्या यादीत येताना जी नावं गळतात ती कुठे जातात हे आमच्या कागदावर नसतं. कोवाल्स्कीची म्हातारी मेली, का मुलाकडे गेली, का शेजारी वॉशिंग्टन आला म्हणून घर विकून पळाली? बाबाही संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे, "समोरच्या बोळात कोण आलेत म्हणे?" आणि उत्तर ऐकून मान हलवायचे. समुद्रापलीकडे शहरंच्या शहरं अशी मान हलवत घरं बदलत होती आणि मी इथे बसून प्रत्येक घरापुढे एक अक्षर टाकत होतो. दुपारच्या जेवणानंतर कधी कधी छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. राधेश्याम म्हणायचा, ॲसिडिटी आहे, डबा जल्दी खाऊ नका.

जान्हवीचा, आमच्या जानूचा, शेवटचा फोन बारा वर्षांपूर्वीचा. रविवार होता, आई, बाबा आणि मी फोनभोवती होतो. "मी लग्न करतेय," ती म्हणाली. आईच्या डोळ्यांना पाणी आलं, आनंदाने. बाबांनी विचारलं, "आडनाव काय?"

"गेन्स."

"हे कुठलं?"

"इथलंच, बाबा."

"इथलं म्हणजे? गाव कोणतं त्यांचं?"

तिने अलाबामातलं काहीतरी गाव सांगितलं. बाबांचा आवाज तसाच मऊ होता. "म्हणजे मूळचे कुठले?" ते म्हणाले. जानू याच घरात वाढलेली, तिला हे प्रश्न क्रमाने पाठ होते. ती म्हणाली, "बाबा, तो काळा आहे. तुम्हाला तेच विचारायचंय ना?" बाबांनी फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आई स्वैपाकघरात गेली आणि तिथून भांड्यांचा आवाज यायला लागला. मी म्हटलं, "मी नंतर करतो," आणि ठेवला. केला नाही. दोन दिवसांनी ईमेल लिहिला. बाबांचं ब्लड प्रेशर वाढलंय, आईला त्रास होतो, तू सध्या फोन करू नकोस, परिस्थिती निवळली की आम्हीच करू. हे लिही असं मला बाबांनी सांगितलं नव्हतं, आईने तर नाहीच नाही. जानू अमेरिकेला गेल्यापासून घरात सतत तिचं कौतुक असायचं आणि मी बियाण्याच्या कंपनीत गोण्यांच्या पावत्या फाडायचो. एकदा तरी चांगला मुलगा मी ठरावं असं मला वाटलं. यापेक्षा मोठं कारण मी बारा वर्षं शोधतोय, सापडत नाही. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: "दादा, तू पण?" मी ते पुसून टाकलं. पुढे तिचा नंबर बदलला, फेसबुकवरून ती गायब झाली, आणि लोकांनी विचारलं की आम्ही सांगायला लागलो, कामात बुडालेली असते, लग्नाचं मनावर घेत न्हाई.

बाबा मागच्या भाद्रपदात गेले. दहाव्याच्या दिवशी आईने विचारलं, "जानूला कळवलंस?" मी म्हटलं, "कळवलं." "काय म्हणाली?" "रडली. रजा मिळत न्हाई म्हणाली." दारात माणसं होती, गुरुजी खोळंबले होते, मला ते प्रकरण तिथेच मिटवायचं होतं. आईने मान डोलावली. आणि त्या एका 'रडली'वर तिने वर्ष काढलं. मावशीला सांगितलं, शेजारच्या कौसल्याबाईंना सांगितलं, "लई रडली म्हणे, पण काय करणार, तिकडं रजा देत न्हाईत." गेल्या दिवाळीनंतर ती मला दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणू लागली, "मला एकदा लावून दे की रे. तुझ्याकडं नंबर आहे ना." मी म्हणायचो, लागत न्हाई, बिझी आहे. आई एकोणऐंशीची आहे. तिला फार काही नको होतं, एकदा बोलायचं होतं. आणि तो नंबर आता माझ्यासमोर पडद्यावर होता.

त्याच ओळीच्या टोकाला जुन्या फेरीची नोंद असते, ती मी मग पाहिली. दोन वर्षांपूर्वीच्या यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आलं होतं. गेन्स हे आडनाव गोऱ्यांतही असतं आणि काळ्यांतही. अशा वेळी आमचा नियम असा की उजवीकडची पाच घरं बघायची, डावीकडची पाच घरं बघायची आणि जे जास्त त्यात टाकायचं. कुणीतरी ती दहा घरं बघून तिथे 'काळा' टाकलं होतं, आणि शेजारी टाकणाऱ्याची आद्याक्षरं होती. के. आ., म्हणजे केदार आष्टीकर, मीच. मी माझ्या बहिणीच्या दारावरून गेल्तो, तिच्या शेजाऱ्यांची नावं वाचली होती, तिच्या घराला अक्षर चिकटवलं होतं आणि बहुतेक त्यानंतर चहा प्यायला उठलो होतो. अर्पिताने एकदा राधेश्यामला विचारलं होतं, आपण अक्षर टाकतो त्यानं तिथं काय होतं? तो म्हणाला होता, "घराचा भाव खाली-वर होतो, लोनचं काहीतरी असतं. आपल्याला काय करायचंय? तुम्ही आकडा पूर्ण करा." बाबांनी तिला तीन प्रश्न विचारले, मी तर एकही विचारला नव्हता.

ऑफिसात मोबाईल दारातल्या कप्प्यात ठेवावा लागतो, कागद-पेन आत नेता येत नाही. म्हणून नंबर पाठ केला. सहाशे चौदा ही सुरुवात सगळ्या कोलंबसची, ती मला येतच होती. उरले सात आकडे. ते मी पाढ्याच्या चालीवर म्हणत बसलो, आणि चौकोन रिकामाच ठेवून पुढे गेलो. संध्याकाळी मोबाईल हातात आला तेव्हा तो बंद पडलेला होता, चार्जिंग संपलं होतं. मी चालतच निघालो. कुंडलिकेच्या पुलावर हरिओम भेटला, माझ्या जुन्या नोकरीतला. त्याने मोटारसायकल थांबवली. "काय केदारभाऊ, पायी? आमच्या पोराला लावा की तुमच्या कंपनीत, घरीच बसून राह्यलाय." मी तोंड उघडलं असतं तर आकडे सांडले असते. मी नुसती मान हलवली, हाताने नंतर-नंतर अशी खूण केली आणि पुढे गेलो. मागून तो म्हणाला, "लई मोठे झालात." पुलाखाली पाणी नव्हतं, नेहमीचा वास होता, ऑटो अंगावर येत होत्या, आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस ओठ हलवत सात आकडे म्हणत घरी चाललो होतो. मला भीती वाटत होती. नंबर विसरेन याची जितकी, तितकीच विसरणार नाही याची.

आई टीव्हीचा आवाज बारीक करून मालिका बघत होती. माझी बायको मोनाली मुलीच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला राहते, घरात आम्ही दोघंच असतो. मी आधी नंबर कॅलेंडरवर लिहिला आणि मग म्हणालो, "आई, जानूचा नंबर मिळाला."

"तुझ्याकडं होताच की."

"तो बदलला. हा नवीन."

"मंग लाव."

"आत्ता तिथं सकाळ आहे, कामावर जायची गडबड असेल. उद्या सकाळी लावू, तेव्हा तिकडं ती घरी असती."

तिने टीव्ही बंद केला आणि बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "बोलायचं काय पहिल्यांदा?" मी म्हटलं, "ते तूच ठरव." ते तिने ठरवलं असावं, कारण पहाटे पाचला तिची अंघोळ झालेली होती आणि तिने काठापदराची निळी साडी नेसली होती. "आई, साध्या फोनवर दिसत न्हाई," मी म्हटलं. "माहितेय मला," ती म्हणाली आणि निऱ्या नीट करून खुर्चीत बसली. मी साडेसहाला आईच्याच मोबाईलवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. तीन वेळा वाजला. मग कुणीतरी उचलला आणि बाईचा आवाज आला, "हॅलो?" मागे एक मूल इंग्रजीत काहीतरी विचारत होतं, नळ वाहत होता. आई पुढे वाकली. मी म्हणालो, "जानू, मी दादा बोलतोय."

नळ बंद झाला. मूल परत काहीतरी म्हणालं आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग ती इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाली, "सॉरी, राँग नंबर."

"ठेवू नकोस," मी म्हणालो. मला घाई झाली, हातात होतं ते सगळं मी एकदम पुढे टाकलं. "आई बसलीय इथं समोर. जानू, बाबा गेले गं. मागच्या वर्षी गेले."

श्वास ऐकू येत होता. मी मनात आकडे मोजायला लागलो, का ते माहीत नाही, आणि नवावर होतो तेव्हा ती म्हणाली, "आय ॲम सॉरी. यू हॅव द राँग नंबर." फोन बंद झाला. आईने बोलण्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं.

मी म्हणालो, "चुकीचाच लागला असेल. पाठ करून आणला ना मी, एखादा आकडा इकडचा तिकडं झाला असेल."

"तिचाच आवाज आहे," आई म्हणाली. "बोलायच्या आधी घसा खाकरते ती. शाळेत होती तेव्हापासून."

मी उठून खिडकी उघडली, उघडीच होती ती अजून उघडली. रस्त्यावर दूधवाल्याची गाडी उभी होती. आई माझ्या पाठीकडे बघून बोलत होती, आवाज नेहमीचाच होता, चढलेला नाही, रडका नाही.

"बाबा गेले म्हणून तू तिला आत्ता सांगितलंस."

मी दूधवाल्याच्या गाडीकडे बघत राहिलो.

"मंग तेव्हा रडली कोण?"

मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो. मावशीला, कौसल्याबाईंना, देवळातल्या बायकांना तिने वर्षभर जे सांगितलं ते सगळं मी तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि दुसरं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. आपण या बाईला इतकं एकटं केलं की तिला खरीखुरी मुलगीसुद्धा उरली नाही आणि आपण रचलेलीही नाही, एवढंच डोक्यात येत राहिलं. मला वाटलं ती आता मला शिव्या देईल, निदान रडेल. मी तशी वाटही पाहत होतो. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "परत लाव."

मी लावला. या वेळी वाजलाच नाही. लगेच एका बाईचा स्वच्छ, आखीव आवाज आला, आपण ज्या व्यक्तीला फोन करत आहात ती सध्या फोन घेत नाही, असं काहीतरी इंग्रजीत. जानूने आमचा नंबर बंद करून टाकला होता, पाच मिनिटांच्या आत. आईने स्टुलावरून फोन उचलला आणि दोन्ही हातांनी कानाला लावला. "कोण आहे ही बाई?" तिने मला विचारलं. मी म्हणालो, "आई, ते रेकॉर्ड आहे, माणूस न्हाई. तिथं कुणी ऐकत न्हाई." तिने हात वर करून मला गप्प केलं. मधे बोलणं तिला आवडत नाही. त्या आवाजाचं सांगून संपेपर्यंत ती मान हलवत थांबली, आणि मग परक्या घरी बोलावं तशी जपून बोलायला लागली.

"अहो बाई, मी जान्हवीची आई बोलून राह्यले, जालन्याहून. तिला एवढा निरोप द्या. म्हणावं, राग धर, धरायलाच पाहिजे. पण आईला फोन कर. दुपारी कर म्हणावं, दोन ते पाच. केदार ऑफिसला असतो तेव्हा. मी एकटीच असते, दुसरं कुणी उचलणार न्हाई."

मी समोरच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पलीकडची बाई समजली की नाही याची तिला खात्री वाटली नसावी, म्हणून तिने परत एकदा सावकाश वेळ सांगितली, दोन ते पाच.